प्रतीक्षायादी की भिजत घोंगडे?

मार्च महिना सरत आला की अमेरिकेतील कॉलेजांची उत्तरे येऊ लागतात. पुण्यामुंबईकडील ज्या घरांतून मुलामुलींनी तिकडील पदवीच्या शिक्षणासाठी अर्ज केलेले असतात त्या घरांत, आणि जी मराठी कुटुंबे न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत जाऊन स्थायिक झाली आहेत त्यांच्याही घरांत, या दिवसांत सारखीच धाकधूक असते. वास्तविक 'आम्हांस आपल्या विद्यालयात घेता काय?' या प्रश्नाला उत्तरे दोनच संभवतात: घेतो, किंवा घेत नाही. पहिल्याने पेढे वाटले जातात. दुसऱ्याने चार दिवस अन्न गोड लागत नाही व पाचव्या दिवशी मनुष्य पुढच्या उद्योगाला लागतो. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरे उत्तर तिकडील कॉलेजांनी शोधून काढले आहे. ते असे: 'आपला अर्ज फार चांगला आहे, तूर्त जागा देता येत नाही, आपली इच्छा असल्यास आपले नाव प्रतीक्षायादीत ठेवू.' या तिसऱ्या उत्तराविषयी आम्हांस काही स्पष्ट लिहावयाचे आहे. कारण ते पत्र हाती घेऊन पुष्कळ सुशिक्षित पालक दरवर्षी आमच्याकडे येतात, आणि 'म्हणजे जवळजवळ मिळालेच म्हणायचे, नाही का?' असे मोठ्या आशेने विचारतात.

आमचे उत्तर ठरलेले आहे. मिळालेले नाही, जवळजवळही मिळालेले नाही. या यादीला यादी म्हणणे हाच मुळी भाषेचा दुरुपयोग आहे. कॉलेजाने आपल्या डोक्यावरची अनिश्चितता विद्यार्थ्याच्या डोक्यावर उतरवून ठेवण्याची ती एक सोय आहे. या सोयीची किंमत सर्वांनाच पडते, पण ज्याला शिक्षणासाठी द्रव्यसाहाय्य हवे असते त्याला ती सर्वांत जबर पडते, असे आमचे म्हणणे आहे. ते आम्ही शक्य तितक्या पुराव्यानिशी मांडणार आहो.

प्रथम शब्दाकडेच पाहू. प्रतीक्षायादी म्हटली की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे आगगाडीचे तिकीट येते. त्या तिकिटावर आकडा असतो. आज सत्तावीस आहे, उद्या एकोणीस होतो, गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी चारवर येतो. आणि न झाल्यास तक्ता तयार होताच घरबसल्या काढलेले तिकीट आपोआप रद्द होऊन किरकोळ आकार वजा जाता पैसे परत येतात. आमच्या रेल्वेला नावे ठेवण्यास जागा पुष्कळ आहेत; पण आपण कितवे उभे आहो हे ती उतारूला सांगते, आणि आपल्या मागून आलेल्याला त्याच यादीत आपल्या पुढे उभे करीत नाही. अमेरिकन कॉलेजांच्या यादीला असा क्रमच बहुधा नसतो. तेथील पुष्कळशी कॉलेजे दरवर्षी एका ठराविक नमुन्यात आपले आकडे प्रसिद्ध करतात. त्या नमुन्यात 'आपली प्रतीक्षायादी क्रमवार असते काय?' असा सरळ प्रश्नच आहे, आणि बहुतेकांचे उत्तर 'नाही' असे असते. ज्या यादीत पहिला कोण व शेवटचा कोण हे ठरलेलेच नाही, तिला यादी म्हणावयाचे की ढीग? कॉलेजाला वर्गात सनई वाजविणारा कमी पडला तर त्या ढिगातून सनईवाला उचलावयाचा, एखाद्या राज्यातून कोणी आले नाही तर त्या राज्याचा उचलावयाचा, आणि तिजोरी हलकी वाटू लागली तर पूर्ण फी भरणारा उचलावयाचा, असा हा प्रकार आहे.

खरे पाहता या पत्राला आमच्या संसारातील दुसरी एक उपमा अधिक शोभते. मुलगी पाहावयास आलेली मंडळी पोहे खाऊन उठताना 'कळवतो' असे म्हणून जात. नकार नाही, होकार नाही. मुलीकडच्यांनी दुसरे स्थळ पाहावे तर हे हातचे जाईल ही भीती. न पाहावे तर वय थांबत नाही. आणि 'कळवतो' म्हणणारी मंडळी तोपर्यंत आणखी चार ठिकाणचे पोहे खात असत व कोणता मुलीचा बाप किती देऊ शकेल याचा अंदाज घेत असत. या रीतीविरुद्ध आमच्या मागल्या दोन पिढ्यांनी कंठशोष केला. तीच रीत उत्तम कागदावर, विद्यापीठाची मुद्रा उठवून परत आली, तर ती आम्ही बहुमान म्हणून कपाळी लावतो, हे मोठे नवल आहे.

आता या यादीचा कारभार कसा चालतो तो सांगितला पाहिजे. तिकडील एकेक विद्यार्थी दहा दहा, पंधरा पंधरा कॉलेजांस अर्ज करतो व शेवटी एकाच ठिकाणी जातो. तेव्हा शंभर जणांस जागा देऊ केली तर प्रत्यक्षात किती येतील हे कॉलेजाला अदमासाने ठरवावे लागते. १ मे हा विद्यार्थ्यांनी आपली निवड कळविण्याचा रूढ दिवस. त्या दिवशी अदमास चुकून जागा उरल्या तर त्या भरण्यासाठी हाताशी मुले असावीत, म्हणून ही यादी. येथवर कोणी दोष देणार नाही. परंतु दहा-वीस जागांच्या चुकीसाठी हाताशी किती मुले ठेवावयाची? कित्येक विद्यापीठे येणाऱ्या वर्गातील एकंदर जागांहूनही अधिक नावे यादीत घालतात. तिकडील प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ सालच्या प्रवेशांविषयी जे आकडे दिले त्यांवरून दिसते की, यादीत राहणे ज्यांनी पत्करले त्यांपैकी सरासरीने शंभरात २० जणांस पुढे जागा मिळाली. आणि निम्म्याहून कमी अर्जदारांस घेणाऱ्या, म्हणजे आमच्या पालकांच्या तोंडी ज्यांची नावे असतात त्या कॉलेजांत शंभरात अवघ्या ७ जणांस. सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे हे ध्यानात ठेवावे. त्याच कॉलेजात एखाद्या वर्षी शेकडो मुले यादीवरून घेतली जातात व पुढल्या वर्षी एकही घेतले जात नाही. तेव्हा गेल्या वर्षी अमक्याच्या मुलाला जून महिन्यात बोलावणे आले या गोष्टीवरून यंदाचे भविष्य वर्तविणे, हे गेल्या वर्षीच्या पावसावरून यंदा पेरणी करण्यासारखे आहे.

यावर तिकडच्या कॉलेजांचा पक्ष असा मांडण्यात येतो की, 'अनिश्चितता आम्ही निर्माण केलेली नाही. ती विद्यार्थ्यांच्याच अनेक अर्जांमुळे झाली आहे. वर्गात मुले अधिक आली तर त्यांना निजावयास खाटा कोठून आणाव्या, आणि कमी आली तर अध्यापकांचे पगार कसे द्यावे?' हा आक्षेप आम्ही क्षुल्लक समजत नाही. आम्ही स्वतः कॉलेजात आयुष्य घालविले आहे, आणि वर्गात किती मुले येतील या चिंतेने चूर झालेले प्राचार्य आम्ही पाहिले आहेत. पण अनिश्चितता आहे एवढ्याने वाद मिटत नाही. ती कोणी सोसावयाची हा खरा वाद आहे. एका बाजूस शेकडो वर्षांची संस्था, तिच्या पदरी मोठमोठे निधी, आकडेशास्त्रज्ञ व मागील वीस वर्षांच्या नोंदी. दुसऱ्या बाजूस सतरा-अठरा वर्षांचे एक मूल व त्याचे आईबाप, ज्यांस हा प्रसंग आयुष्यात एकदा किंवा दोनदा यावयाचा. यांपैकी ओझे कोणाच्या खांद्यावर असावे हे सांगण्यास नीतिशास्त्राचा मोठा अभ्यास लागत नाही. शिवाय तारखा या काही ब्रह्मलिखित नव्हेत. अमेरिकन सरकारच्या द्रव्यसाहाय्याचा नवा अर्ज एरव्ही ऑक्टोबरात निघावयाचा तो २०२३ साली डिसेंबरच्या अगदी अखेरीस निघाला, व त्यातील माहिती कॉलेजांच्या हाती २०२४ चा मार्च उजाडेपर्यंत पडली नाही. तेव्हा पुष्कळ कॉलेजांनी १ मेची मुदत मुकाट्याने पुढे ढकलली. संस्थांची अडचण झाली की मुदत हलते; कुटुंबांची अडचण झाली की ती वज्रलेप ठरते.

उलट, कुटुंबाच्या बाजूचे जे एक कुंपण होते तेही मध्यंतरी मोडले. वर सांगितलेल्या संघटनेच्या नीतिनियमांत असे एक कलम होते की, १ मेपर्यंत ज्याने एका कॉलेजास होकार दिला त्याला दुसऱ्या कॉलेजाने पुढे फोडू नये. सरकारच्या न्यायखात्याने यात मुक्त स्पर्धेचा भंग आहे असे पाहून चौकशी चालविली व २०१९ साली संघटनेने ते कलम गाळले. स्पर्धा वाढली तर फी उतरेल, हा त्यामागील विचार कागदावर बरा दिसतो. पण आपण पकडलेली मुले उन्हाळ्यात दुसरा कोणी घेऊन जाईल ही भीती शिरल्यावर प्रत्येक कॉलेज आपले घोंगडे अधिकच काळ भिजत ठेवणार, हे आमच्या मते उघड आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे पैशाकडे येऊ. तिकडील बऱ्याच खासगी विद्यापीठांत २०२४ सालापासून फी, निवास व भोजन मिळून एका वर्षाचा जाहीर खर्च ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. रुपयांत तो पाऊण कोटीच्या वर जातो, आणि अशी वर्षे चार. ही रक्कम ऐकूनच आमचा मध्यमवर्गीय गृहस्थ दारातून परतावयाचा. पण परतत नाही, कारण त्याला सांगितलेले असते की हा आकडा सर्वांसाठी नाही. आणि ते खोटे नाही. श्रीमंत कॉलेजे गरजू विद्यार्थ्यांस खरोखर उदारपणे साहाय्य देतात. हार्वर्डने तर २०२५ साली जाहीर केले की ज्या घरचे वार्षिक उत्पन्न दोन लक्ष डॉलरपर्यंत आहे त्या विद्यार्थ्याकडून फी घेतली जाणार नाही. काही कॉलेजे अशीही आहेत की निवड करताना घरची ऐपत पाहतच नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांनाही हा नियम लावणारी कॉलेजे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. बाकीच्या ठिकाणी आमच्या मुलाने साहाय्याच्या रकान्यात 'होय' लिहिले की त्याची वाट त्या क्षणी अरुंद होते.

परंतु ऐपत न पाहण्याचे हे व्रत पाळणाऱ्यांतही व्रताला एक पळवाट ठेवलेली आढळते, आणि ती पळवाट म्हणजे हीच प्रतीक्षायादी. पहिल्या निवडीत ऐपत न पाहणारी कित्येक कॉलेजे यादीवरून मुले उचलताना मात्र ऐपत पाहतात. काहींनी तर तसे आपल्या माहितीत बारीक अक्षरांत लिहूनच ठेवले आहे. पण ज्या पत्रात 'आपला अर्ज फार चांगला आहे' हे वाक्य ठळकपणे येते त्या पत्रात हे दुसरे वाक्य सहसा येत नाही. २०२२ च्या जानेवारीत तेथील काही माजी विद्यार्थ्यांनी सोळा नामांकित विद्यापीठांवर शिकागोच्या संघीय न्यायालयात फिर्याद लावली. पुढे प्रतिवादींत आणखी एकाची भर पडली. १९९४ सालच्या एका कायद्याने, ऐपत न पाहता प्रवेश देणाऱ्या कॉलेजांस साहाय्याचे सूत्र आपसांत ठरविण्याची सवलत दिली होती. फिर्यादींचे म्हणणे असे की या मंडळींनी सवलत घेतली पण अट पाळली नाही. आणि त्यातील एक आक्षेप नेमका हाच होता की काही विद्यापीठे प्रतीक्षायादीवरील मुलांची निवड करताना घरच्या पैशाचा विचार करीत. २०२४ सालापर्यंत त्यांपैकी दहा विद्यापीठांनी मिळून २८ कोटी ४० लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. अपराध त्यांनी कबूल केलेला नाही, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितलेच पाहिजे. ती कायदेशीर सवलतही ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपली. पण ज्या प्रथेवर न्यायालयात इतकी रक्कम मोजून पडदा पाडावा लागतो, तिच्याविषयी आमच्या पालकांनी निदान सावध तरी असावे की नाही?

येथे आमच्या घरांतून जो अनर्थ घडतो तो नीट समजून घेतला पाहिजे. यादीत नाव पडलेल्या मुलाच्या बापाला कोणीतरी जाणता कानात सांगतो, 'साहाय्य नको म्हणून कळवा. बघा कसे लगेच बोलावणे येते.' हा सल्ला अगदीच निराधार नसतो, हेच त्यातील विष आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तो बाप 'नको' असे लिहून मोकळा होतो. प्रवेश होतो, पेढे वाटले जातात, आणि मग कळते की पुष्कळ कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी साहाय्य मागितले नसेल तर पुढील चारही वर्षे त्याला ते मागता येत नाही. आमच्याकडील बँका साडेसात लक्षांपुढील शैक्षणिक कर्जास बहुधा तारण मागतात. आणि मध्यमवर्गाजवळ तारण म्हणजे काय? आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले राहते घर. धाकट्या भावंडाचे शिक्षण, आजीचे आजारपण, स्वतःचे म्हातारपण या सर्वांचे पैसे एका 'नको' या शब्दाच्या पोटात जातात. ज्या पद्धतीत खरे बोलणाऱ्याची वाट अडते व ऐपतीचे सोंग आणणाऱ्याला दार उघडते, त्या पद्धतीला गुणांची परीक्षा म्हणू नये.

बरे, साहाय्य मिळालेच तरी ते तोलून पाहावयास सवड कोठे असते? अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपली जुनी शिकवण. पण अंथरूण किती लांब आहे हे कॉलेजच धड सांगत नाही. अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीने २०२२ साली एक अहवाल काढला. त्यात तिचा अंदाज असा आहे की शंभरातील ९१ कॉलेजे आपल्या साहाय्यपत्रात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पडणारी निव्वळ किंमत एक तर सांगतच नाहीत, किंवा आहे त्याहून कमी दाखवितात. देणगी, कर्ज आणि कॉलेजात काम करून मिळवावयाचा पगार, या तीन अगदी भिन्न वस्तू एकाच बेरजेत घालून तिला 'साहाय्य' असे भारदस्त नाव दिलेले असते. कर्ज हे साहाय्य असेल तर आमच्या गावचा सावकार हा धर्मात्माच म्हणावयाचा! एप्रिल महिन्यात ज्याच्या हाती तीन-चार पत्रे असतात तो निदान ती शेजारी शेजारी ठेवून वजाबाकी करू शकतो, एका कॉलेजाचे पत्र दुसऱ्याला दाखवून चार पैसे वाढवून मागू शकतो. यादीवरून ज्याला मे-जूनमध्ये बोलावणे येते त्याला ही संधी नसते. दुसऱ्या कॉलेजात त्याने अनामत भरलेली असते, ती बुडते. नव्या कॉलेजाचे साहाय्याचे पैसे तोवर बव्हंशी वाटून झालेले असतात. आणि उत्तर देण्याची मुदत काही दिवसांची, कधी कधी तर अठ्ठेचाळीस तासांची. चार वर्षांच्या तीन कोटींचा विचार करावयास दोन दिवस! आमच्या बायका साधा पडद्याचा कपडा घेतानाही याहून अधिक चौकशी करतात, आणि योग्यच करतात.

हिंदुस्थानातून जाणाऱ्या मुलाची आणखी एक अडचण आहे. प्रवेश मिळाल्यावर पैशाची सोय दाखवून कॉलेजाकडून 'आय-२०' नावाचे प्रमाणपत्र घ्यावयाचे, मग व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवावयाची, मग जावयाचे. जूनमध्ये आलेल्या बोलावण्याने हे सर्व ऑगस्टापूर्वी उरकावयाचे. २०२५ सालच्या मेअखेरीस अमेरिकन सरकारने विद्यार्थ्यांस मुलाखतीच्या नव्या तारखा देणे एकाएकी थांबविले व ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू केले. ज्यांनी १ मेपूर्वी आपली निवड करून कागद मिळविले होते त्यांच्यातही त्या तीन आठवड्यांत घबराट उडाली. मग जे यादीच्या आशेवर बसून होते त्यांची गत त्रिशंकूसारखी झाली असल्यास आश्चर्य नाही. वरातीमागून घोडे आणणाऱ्याला निदान वरात कोणत्या रस्त्याने गेली हे तरी ठाऊक असते.

कोणी म्हणेल, 'यादीत राहण्याची सक्ती कोणावर आहे? नको असेल त्याने नाव काढावे.' हा युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे. पण ज्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले आहे की अमुक एका नावावर तुझे भाग्य अवलंबून आहे, त्या मुलाला 'तुझी इच्छा असल्यास' म्हणणे हे भुकेल्यापुढे ताट धरून 'इच्छा असल्यास वाट पाहा' म्हणण्यासारखेच आहे. शिवाय नुसते वाट पाहून भागत नाही. तिकडील रीतीप्रमाणे यादीवरच्या मुलाने कॉलेजास पुन्हा एक प्रेमपत्र लिहावयाचे असते: आपली ओढ यत्किंचितही कमी झालेली नाही, जागा मिळाल्यास आपण निश्चित येऊ, इत्यादी. आता हेच मूल त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजाला 'आपल्याकडे येण्यात मला धन्यता वाटते' असे लिहून अनामत भरीत असते. सत्य हे ज्या संस्थांचे ब्रीदवाक्य, त्यांच्या उंबरठ्यावर मुलाला पहिला धडा द्विधा बोलण्याचा मिळावा, ही गोष्ट शिक्षक या नात्याने आम्हांस फीच्या आकड्याहूनही अधिक खुपते.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे: 'द्रव्य कोणाचेही अमर्याद नसते, वाटून संपले तर कॉलेजाने काय करावे?' याला आमचे उत्तर एकच. संपले तर 'संपले' असे सांगावे. अभाव हा अपराध नव्हे. अभाव लपविणे हा अपराध आहे. माधुकरी मागून शिकलेल्यांची परंपरा आमच्या या प्रांताला नवी नाही. त्या काळच्या गृहिणीजवळ अन्न नसले तर ती 'पुढे जा, बाळ' म्हणे. तो पुढे जाई, व पुढच्या दारी त्याला भाकरी मिळे. दार अर्धे उघडून, आत अन्न नाही हे ठाऊक असता, त्याला दोन महिने ओट्यावर बसवून ठेवण्याची कल्पना तिच्या मनाला शिवली नाही.

आणि हा दोष केवळ परक्यांचा आहे असे समजून समाधान मानण्याचेही कारण नाही. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांस परदेशी पाठविण्यासाठी आपल्या केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. २०२५ साली तीसाठी १०६ विद्यार्थ्यांची निवड झाली. पण जुलैच्या आरंभी त्यांतील ४० जणांसच तात्पुरती पत्रे गेली, व उरलेल्या ६६ जणांस निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील असे कळविण्यात आले. निवड झाली, पण पैसा आल्यास! याच्या शेजारी एक जुनी गोष्ट ठेवून पाहा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा करार निघण्यापूर्वीच झाला होता. अटी सौम्य होत्या असे नव्हे. पुढे त्या जाचल्याही. पण बोटीवर पाऊल ठेवणाऱ्या त्या तरुणाला आपल्या हाती काय आहे व काय नाही हे पुरते ठाऊक होते. तार आणि टपाल यांच्यावर कारभार चालविणाऱ्या संस्थानाला जे साधले, ते क्षणार्धात पृथ्वीपलीकडे पत्र पोचविणाऱ्या आजच्या संस्थांस साधू नये, याचे कारण साधनांची उणीव खासच नव्हे.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. प्रतीक्षायादीच्या प्रत्येक पत्रात कॉलेजाने चार ओळी लिहाव्या: यादीत एकंदर नावे किती, गेल्या पाच वर्षांत प्रत्येक वर्षी तिच्यातून किती जण घेतले, यादीवरून निवडताना घरची ऐपत पाहिली जाते की नाही, आणि कोणत्या तारखेस ही यादी कायमची मिटविली जाईल. आणि बोलावणे धाडताना त्याच पत्रासोबत साहाय्याचा पक्का आकडा, कर्ज वेगळे व देणगी वेगळी दाखवून, द्यावा. उत्तरास निदान दोन आठवडे द्यावे. या चार-पाच ओळींनी कोणतेही विद्यापीठ बुडणार नाही. त्या लिहावयास जे तयार नसतील त्यांच्या सौजन्ययुक्त पत्राचा अर्थ काय लावावयाचा तो वाचकांनी लावावा.

कॉलेजे ऐकोत वा न ऐकोत, आपल्या घरचा कारभार तरी आपल्या हाती आहे. प्रतीक्षायादीचे पत्र आले की ते नकाराचे पत्र समजावे, आणि १ मेपूर्वी ज्या कॉलेजाने स्पष्ट होकार व स्पष्ट आकडा दिला असेल त्यांतून निवड करावी. पत्रातील साहाय्याच्या बेरजेतून कर्ज व पगार वजा करून उरलेली किंमत चार वर्षांनी गुणून कागदावर मांडावी, आणि तो कागद मुलालाही दाखवावा. अठराव्या वर्षी मताधिकार मिळणाऱ्या मुलापासून घराचे गहाणखत लपविण्यात वात्सल्य नाही. नाव यादीत ठेवावयाचेच असेल तर ठेवावे, पण किती खर्चापुढे आपण जाणार नाही तो आकडा बोलावणे येण्यापूर्वी ठरवावा. आल्यावर ठरविलेला आकडा हा आकडा नसतो, मोह असतो. आणि साहाय्याची गरज असता 'नको' असे कोणाच्याही सांगण्यावरून लिहू नये. गरज सांगण्यात कमीपणा नाही; आमच्या विद्वानांची मोठी रांग गरज सांगूनच शिकली.

विद्येच्या दारी विद्यार्थ्याने नम्र असावे, हे आम्ही तीस वर्षे वर्गात सांगत आलो आहो व पुढेही सांगू. पण नम्रता ही विद्येपुढे असावी, दरवानापुढे नव्हे. जे दार होय म्हणत नाही व नाहीही म्हणत नाही, त्याच्यापुढे ताटकळत उभे राहण्यास जिद्द म्हणत नाहीत. आणि ज्या घराने आपल्या मुलाला पाठ फिरवून दुसरे दार ठोठावण्याचे धैर्य दिले, त्याने कोणत्याही कॉलेजाला देता आले नसते इतके शिक्षण त्याला आधीच दिले आहे.